नीट म्हण, चार्ज घेतला

मस्कतच्या बौशरमधल्या आमच्या कंट्रोल रूममध्ये रोज संध्याकाळी मगरिबच्या जरा आधी एक फोन वाजतो. तो कोणी उचलायचा यावर कधी वाद होत नाही. सगळे माझ्याकडे बघतात. शेजारच्या डेस्कवरचा ओमप्रकाश तर खुर्ची फिरवून पाठच करतो.

"चाचा बोलतो. जेवलास काय?"

सूर्य अजून डोंगरावर असताना कोण जेवतं, हे मी पहिल्या वर्षी त्यांना विचारून पाहिलं होतं. आता नुसतं "जेवलो" म्हणतो. मग ते धरणाची पातळी सांगतात, जी माझ्यासमोरच्या पडद्यावर आधीच दिसत असते. बेअरिंगचं तापमान सांगतात, तेही दिसत असतं. झडप बंद आहे, मशीन उभं आहे, तेल कुठे गळत नाही, कुत्र्याने आज भात खाल्ला नाही. कुत्रं तेवढं पडद्यावर दिसत नाही. एवढं झाल्यावर ते घसा साफ करतात आणि सरकारी आवाजात म्हणतात, "पॉवरहाऊसचा चार्ज देतो."

"घेतला," मी म्हणतो.

"नीट म्हण."

"चार्ज घेतला, चाचा."

तेव्हा कुठे ते खुर्चीवरून उठतात.

तौहीद परकार हे त्यांचं नाव. गाव चिपळूणच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायाशी, वाशिष्ठीच्या काठावर. मी खेडचा. म्हणजे आम्ही दोघं एकाच घाटाखालचे, एकाच एसटीची वाट बघत मोठे झालेले, फक्त त्यांनी तीस वर्षं आधी बघायला सुरुवात केली. त्यांची उमेदीची वर्षं पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये कंत्राटावर गेली. डोंगराच्या पोटात बोगदा, बोगद्यात भलीमोठी मशीनं, आणि त्यांच्यापुढे पॅनलवर बसलेला ऑपरेटर. तिथला एक दंडक होता. पाळी संपली म्हणून ऑपरेटर उठून घरी जात नसे. पुढचा माणूस यायचा, पॅनलवर नजर फिरवायचा आणि तोंडाने म्हणायचा, "चार्ज घेतला." हे दोन शब्द कानावर पडेपर्यंत आधीच्याने खुर्ची सोडायची नाही. मग घरी कोणी आजारी असो, नाहीतर खाली शेवटची गाडी हॉर्न मारत उभी असो.

हा दंडक त्यांनी बॅगेत घालून ओमानला आणला. आणि आणला तोही अशा जागी, जिथे पुढचा माणूसच नाही.

त्यांचं इथलं पॉवरहाऊस अल अमेरातच्या मागच्या डोंगरांत आहे. गाडीने दोनेक तास, त्यातला शेवटचा तुकडा पाठीच्या मणक्यांना मोजून दाखवणारा. तिथली नदी म्हणजे वादी. वादी ही नदीच असते, पण वर्षातला बहुतेक काळ रजेवर गेलेली. कधीतरी वर डोंगरात ढग फुटतो आणि ती एका दुपारी सगळी रजा भरून काढते. ते पाणी अडवायला धरण बांधलंय, चांगलं उंच, रुबाबदार. अडवलेलं पाणी थोडंथोडं खाली सोडतात. ते फलजमध्ये, म्हणजे गावाच्या जुन्या दगडी पाटात जातं आणि खजुरांच्या बागा भिजवतं. पाणी जातंच आहे तर जाताजाता त्याच्याकडून थोडं काम करून घ्यावं, असं कोणाच्यातरी मनात आलं आणि धरणाच्या पायाशी एक टर्बाइन बसवलं. एक खोली, एक मशीन, एक खुर्ची. चिपळुणातल्या हौशी माणसाच्या लग्नाची रोषणाई याहून जास्त वीज खाते. हे मी चाचांना एकदा बोललो, तेव्हा त्यांनी दोन दिवस कुत्र्याची खबर दिली नाही.

खरं म्हणजे ते मशीन बौशरहूनही चालवता येतं. पण कुठल्याशा करारात 'जागेवर एक माणूस' असं कलम आहे. तो माणूस म्हणजे चाचा.

एकदा मी सुट्टीवर होतो आणि फोन ओमप्रकाशने उचलला. हा नागपूरचा, जीवाला जीव देणारा गडी, फक्त ऐकून घेण्याचं खातं त्याच्याकडे नाही. चाचांनी चार्ज दिला. हा म्हणाला, "हौ हौ चाचा, खलास," आणि ठेवून दिला. मी दुसऱ्या सकाळी परतलो आणि सहज फोन लावला, तर पहिल्याच रिंगला उचलला.

"इतक्या लवकर उठलात?"

"उठू कसा? चार्ज खय कोणी घेतलाय?"

रात्रभर ते त्या खुर्चीत बसून होते. बंद मशीनसमोर. आपल्याला हसू येतं. मलाही आलं. मी ओमप्रकाशला सांगितलं तेव्हा तोही आधी हसला, मग त्याने चहा अर्धाच टाकला आणि म्हणाला, "असं कोणी करते का बे?"

करतात. त्यांची बायको, साबेराचाची गेल्या, तेव्हाही त्यांनी हेच केलं होतं. ती हकिगत त्यांनी मला एकदाच सांगितली, पातळी सांगतात त्याच आवाजात. गावाहून फोन आला. साहेब म्हणाले, निघा, मशीन आम्ही बघतो. चाचा म्हणाले, माणूस पाठवा. बदली माणूस पोहोचून "घेतला" म्हणेपर्यंत विमान गेलं होतं, आणि ते गावात पोहोचले तेव्हा कबरीची मातीही सुकली होती. "बाकी सगळं व्यवस्थित झाला," असं म्हणून ते झडपेबद्दल बोलायला लागले. मुलगी निदा महाडला दिली आहे. ती शुक्रवारी फोन करते. उरलेल्या वारांना मी.

पण इथलं गाव तर जवळच होतं. धरणाखालून वादीच्या कोरड्या पात्रातून चालत गेलं की एक वळण येतं. वळणाच्या एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला दगडी पायऱ्या, आणि पायऱ्या चढून गेलं की खजुरांत लपलेलं गाव. मशीद, दुकान, माणसं, सगळं. सहा वर्षांत चाचा त्या पायऱ्या एकदाही चढले नव्हते. दाल-तांदूळ आठवड्याच्या गाडीतून येई आणि नमाज ते खोलीतच पढत. याला कारण होतं.

पोफळीला मशीन सुरू करायच्या आधी भोंगा होई. तिथे पॉवरहाऊस चाललं की नदी फुगते आणि थांबलं की गोटे दिसतात. म्हणून खाली कपडे धुणाऱ्या बायकांना उठवायला तीन लांब भोंगे. त्या बायकांत साबेराचाची असायच्या, आणि त्या कधी वेळेत उठायच्या नाहीत. सगळ्या काठावर गेल्या तरी ह्या आपल्या शेवटची गोधडी पिळतायत. म्हणून चाचा ड्यूटीवर असले की तीन लांब झाल्यावर एक आखूड भोंगा जास्तीचा होई. "लोकांना वाटायचं बटण अडकतंय," ते म्हणाले होते.

तर इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात, पहिल्यांदा मशीन सुरू करताना, चाचांनी सवयीने भोंगा दिला. तीन लांब. ओमानच्या डोंगरात तीन लांब भोंग्यांचा अर्थ एकच: वादी आली, जीव घेऊन पळा. त्या दिवशी गावात लग्न होतं. अख्खं वऱ्हाड डोंगरावर चढलं. बकऱ्या चढल्या, गाड्या चढल्या, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, चौघांनी भाताचं पातेलं उचललं. नवरदेव पायघोळ दिशदाशा गुडघ्यापर्यंत धरून सगळ्यांत पुढे होता, असं म्हणतात. वर पोहोचून सगळ्यांनी श्वास रोखून खाली पाहिलं. तेव्हा वळणावरून घोटाभर पाणी वळवळत आलं आणि शिस्तीत फलजमध्ये शिरलं.

भोंग्याचं बटण त्या दिवसापासून बौशरला आलं. आता ते माझ्या डेस्कवर असतं. दर गुरुवारी मी एक आखूड भोंगा देऊन तो जिवंत आहे का ते बघतो, आणि चाचा फोन करून "ऐकला" म्हणतात. मशीन सुरू करण्याआधी मात्र ते आता स्वतः वळणापर्यंत चालत जातात, पात्रात कोणी बसलंय का बघतात, आणि वळणावरूनच परत फिरतात. गावातली पोरं वरून ओरडतात, "अबू सफ्फारा." म्हणजे भोंगेवाला बाप. चाचांना ती शिवी वाटते.

"अहो, लाडाने म्हणत असतील," मी म्हणे.

"तुझ्या लग्नात येऊन कोणी मांडव उठवला तर तू लाड करशील काय त्याचा?"

"माझं लग्न ठरू तर द्या."

तो नवरदेव होता हमझा. फलजच्या पाण्याच्या पाळ्या ठरवणारा माणूस. पाणी कधी सोडायचं ते सांगायला तो धरणाच्या फाटकापाशी येतो, चाचांशी मोडक्या हिंदीत बोलतो आणि जातो. आता त्याला तीन मुलं आहेत. या मोठ्या ईदेच्या आधी तो पाण्याचं सांगून निघाला आणि मध्येच वळून म्हणाला, "तौहीद, ईद दूसरा दिन हम शुवा खोलेगा. तुम आना. अम्मा बोला, उसको लाना."

शुवा म्हणजे मसाला चोळलेलं मटण पानांत गुंडाळून, जमिनीतल्या खड्ड्यात निखाऱ्यांवर पुरून ठेवतात ते. सगळ्या गावाचा खड्डा एकच. ईदेच्या दुसऱ्या दिवशी तो उघडायला अख्खं गाव जमतं. सहा वर्षं चाचा त्याचा नुसता वास घेत होते.

त्या संध्याकाळी पातळी सांगायलाच ते विसरले.

"जाणार ना?" मी विचारलं.

"अम्माने बोलावलंय म्हणे. सफियाबीने. तिच्याच मुलाचा लग्न होता तो."

"मग तर जायलाच हवं."

"जाब विचारायला बोलावलं असेल तर?"

"सहा वर्षांनी? मटण पुरून ठेवतात चाचा, राग नाही."

ते हसले नाहीत. "चार्ज कोण घेईल?"

"मी घेतो."

"तू हय नायस."

"तुम्ही आहात तिथे कोणीच नाही, म्हणून तर तुम्हाला ठेवलंय. फलज बंद आहे, मशीन बंद आहे. मी इथून बघत बसतो. कॅमेरा आहे, बटण आहे, मी आहे."

फोनवर डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "रिकाम्या हाताने कसा जाऊ. सांदणं करतो."

पुढचे दिवस चार्जबरोबर मला सांदणांचाही अहवाल मिळाला. पहिला घाणा बसला. दुसऱ्याला गूळ कमी. नारळाचं दूध डब्यातलं, त्याला वास. साबेरा तांदूळ किती वेळ भिजवायची ते कोणाला विचारणार, म्हणून निदाला फोन लावला, तर ती म्हणे अब्बा, आम्ही विकत आणतो. तिसरा घाणा कुत्र्याने खाल्ला. म्हणजे तो चांगला झाला असणार.

ईदेचा दुसरा दिवस. आमच्याकडे सुट्ट्यांमुळे मी आणि ओमप्रकाश दोघंच. दुपारच्या नमाजनंतर फोन आला.

"चार्ज देतो."

"चार्ज घेतला, चाचा."

"बघत राहा हां."

"डोळे मिटणार नाही."

धरणाच्या माथ्यावरचा कॅमेरा खाली वादीकडे तोंड करून आहे. त्यात थोड्या वेळाने चाचा उतरताना दिसले. पांढरा कुर्ता, इस्त्रीची घडी पडद्यावरही दिसावी असा. हातात स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेला. डोक्यावर टोपी. मागून कुत्रं. पात्रातल्या गोट्यांतून पाय जपून टाकत ते वळणापर्यंत गेले. तिथे थांबले. पायऱ्यांकडे तोंड करून उभे राहिले.

मग डबा एका दगडावर ठेवला आणि शेजारी बसले.

मी म्हटलं, दम लागला असेल. चहा करून आलो. बसलेलेच होते. कुत्रं येऊन त्यांच्या सावलीत पडलं होतं. डब्यावर ऊन येत होतं म्हणून त्यांनी तो उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. मग परत सावली सरकली, परत डबा सरकला.

ओमप्रकाश माझ्या खांद्यावरून बघत होता. "हे तर बसूनच राह्यले ना भाऊ."

"हो."

"फोन लाव ना."

"पात्रात रेंज नाही."

"मग?"

मला ते बसणं ओळखीचं वाटत होतं. मस्कतला आल्या-आल्या मी महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो, बौशरमध्येच. आतून हसण्याचे आवाज येत होते. मी बाहेर गाडीत बसून राहिलो आणि गणपतीची आरती संपल्यावर घरी गेलो. आत शिरायला कोणीतरी दारातून ओढावं लागतं. नाहीतर मागून ढकलावं लागतं.

चाचा उठले. डबा उचलला. मला वाटलं, चालले. पण त्यांनी तोंड धरणाकडे केलं होतं.

त्यांचं एक वाक्य मला पाठ आहे. एका गुरुवारी मी भोंगा दिला तेव्हा ते धरणाच्या पायाशी, जिथे रेंज असते तिथे, माझ्याशीच फोनवर बोलत होते. मध्येच बोलणं तुटलं, चपलांचा फटफट आवाज आला, आणि मग धापा टाकत म्हणाले, "भोंगा झाला की आधी काठावर. मग इचार. इचार करून काठावर जाणारा माणूस बुडतो." मी म्हटलं होतं, नदी कोरडी आहे. ते म्हणाले, "भोंग्याला काय ठावूक."

वळणावर काठ एकच आहे. दुसरीकडे कडा.

मी बटणावरचं झाकण उघडलं.

"आज गुरुवार हाय काय?" ओमप्रकाशने विचारलं.

"असेल."

एक आखूड भोंगा दिला. पडद्याला आवाज नाही. फक्त एवढं दिसलं, की पांढरा कुर्ता जागच्या जागी गर्रकन फिरला, डबा छातीशी धरला, आणि वयाला न शोभणाऱ्या वेगाने पायऱ्यांकडे धावला. एक पायरी, दुसरी, मग कॅमेऱ्याची चौकट संपली. कुत्रं थोडा वेळ मागे थांबलं, इकडेतिकडे बघितलं, आणि तेही गेलं.

मग पडद्यावर नुसते गोटे.

मी बसून राहिलो. बंद मशीन, बंद झडप, पातळी आहे तिथेच. रोज संध्याकाळी मी हा चार्ज घ्यायचो, पण घ्यायचो म्हणजे दोन शब्द उच्चारायचो आणि गाडीची चावी शोधायचो. त्या दुपारी पहिल्यांदा तो खरोखर माझ्याकडे होता. लघवीला जायचं होतं तेव्हा मी ओमप्रकाशला म्हटलं, "दोन मिनिटं बघ."

"हौ, जा."

"तसं नाही. म्हण."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. नेहमीसारखा हसला नाही. "चार्ज घेतला," म्हणाला.

असरची नमाज होऊन गेली. उन्हाने गोट्यांच्या सावल्या लांबवल्या. चाचा परतले नाहीत. मी वाईट तेवढं सगळं मनात करून पाहिलं: पायरीवरून घसरले, म्हातारी खरंच भांडली, भोंग्याने पुन्हा गाव डोंगरावर गेलं आणि यावेळी त्यांनाही घेऊन गेलं. शेवटी वळणावर पांढरा ठिपका दिसला. मग त्याच्या आगेमागे आणखी छोटे ठिपके, उड्या मारणारे.

फोन नेहमीच्या वेळेपेक्षा उशिरा आला. मागे पोरांचा कलकलाट होता.

"जेवलास काय?" चाचा म्हणाले.

"तुम्ही सांगा."

"पुष्कळ. बोलूच नको. सांदणं त्यांनी मधात बुडवून खाल्ली, आता काय बोलणार." त्यांचा आवाज जरा मोठाच लागला होता. "सफियाबीने शेजारी बसवला. सगळ्यांसमोर विचारलंन, तू त्या दिवशी भोंगा का वाजवलास? हमझा हिंदीत सांगी."

"मग?"

"मग काय. सांगितला. आमच्याकडे नदी कशी येते ते. बायका धुवायला बसतात ते. साबेराचं पण सांगितला. ती कशी उठायची नाय ते." ते थांबले. "म्हातारी म्हणाली, त्या दिवशी तीपण उठत नव्हती. हमझाने खांद्यावर घेतलीन."

मी बटणावरचं उघडं राहिलेलं झाकण लावलं.

"दुपारचा भोंगा कोणी दिला?"

"टेस्ट होती."

"ईदेला?"

"कंपनीला ईद कळत नाही चाचा."

"आखूड होता."

"टेस्ट आखूडच असते."

पलीकडे पोरांपैकी कोणीतरी काहीतरी पाडलं. चाचा तिकडे अरबीत ओरडले. त्यांना एवढी अरबी येते हे मला ठाऊक नव्हतं. मग घसा साफ केला.

"चार्ज दे परत."

सहा वर्षांत हे वाक्य माझ्या वाट्याला आलं नव्हतं. मी खुर्चीत सरळ झालो. "पॉवरहाऊसचा चार्ज देतो."

"चार्ज घेतला. आता संध्याकाळ झाली, म्हणजे तुलाच परत द्यायला हवा. थांब जरा. अरे, ला, ला, त्याला हात नको लावू. हमझाची पोरं मशीन बघायला आलीत. एकाला फिरवून बघायचाय. बरं, चार्ज देतो हां."

आणि फोन ठेवला.

"चार्ज घेतला, चाचा," मी रिसीव्हरमध्ये म्हणालो. पलीकडे कोणी नव्हतं.

पडद्यावर धरण होतं, पातळी होती, वळण होतं. पॉवरहाऊसच्या खोलीत कॅमेरा नाही. तिथे आता कोण काय बोलत असेल, कुत्र्याला शुव्याचं हाड मिळालं का, हे मला कळायला काही मार्ग नव्हता.

माझी पाळी केव्हाच संपली होती. ओमप्रकाश डबल ड्यूटीला थांबणार होता. मी उठलो, बॅग खांद्याला लावली, आणि मग लक्षात आलं की मला घाई नाही. घरी फ्रिज आहे आणि त्यात कालची आमटी आहे.

"निघतो मी," ओमप्रकाशला म्हणालो. "सगळं ठीक आहे. चार्ज देतो."

तो मोबाइलवर बायकोशी बोलत होता. हात हलवून म्हणाला, "हौ हौ, खलास. जा तू."

मी दारापर्यंत गेलो. मग परत आलो, बॅग खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसलो.

"काय झालं बे?" त्याने फोनवर हात ठेवून विचारलं.

"नीट म्हण," मी म्हणालो.